नायट्रो गाडीचं इंजिन बदलताय? क्लचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटवर चालणाऱ्या, नायट्रो इंधनाच्या छोट्या गाडीत जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं, नवं घ्यायचं ठरलं आणि विकणारा म्हणाला, "बसेल हो, न बसायला काय झालं!" तो खोटं बोलत नसतो. इंजिन बसतंच, माउंटचे चार स्क्रू पिळले की बसलं. अडतं ते त्याच्या पुढच्या बोटभर लांबीत, जिथे फ्लायव्हील (शाफ्टवरची जड चकती), शू (वेग वाढला की बाहेर उघडणारे क्लचचे तुकडे) आणि क्लचबेल (शू जिला आतून धरतात ती दातेरी वाटी) यायची असते. मला येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे त्या बोटभर लांबीचे असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. उदाहरणं १/८ बगी आणि १/१० च्या (खऱ्या गाडीच्या आठव्या आणि दहाव्या हिश्श्याच्या) गाड्यांची आहेत, कारण माझ्या टेबलावर त्याच येतात.

जुनं इंजिन ०.२१ होतं, नवंही ०.२१ आहे. मग क्लच तसाच चढेल ना?

चढेलच असं नाही. खोक्यावरचा आकडा फक्त इंजिनाची क्षमता सांगतो, तीही घन इंचांत: ०.१२ म्हणजे साधारण २ सीसी, ०.१५ म्हणजे २.५, ०.१८ म्हणजे ३, ०.२१ म्हणजे ३.५ आणि ०.२८ म्हणजे ४.६. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा दांडा) पुढे किती बाहेर येतो, त्यावर आटे कुठपर्यंत आहेत, टोकाला भोक आहे का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

बाहेरच्या मापाचाही तो आकडा भरवशाचा नाही. ट्रॅक्सस कंपनीचं ३.३ सीसीचं इंजिन घ्या. सीसी बघितले तर ते ०.२० च्या घरात येतं, म्हणजे ०.२१ चं सख्खं भावंड वाटावं. पण त्याची क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं घर) स्मॉल ब्लॉकची, म्हणजे लहान मापाची आहे. १/८ बगीतल्या बिग ब्लॉक ०.२१ च्या माउंटवर ते धरून बघा, स्क्रू लावायचे कान जुळत नाहीत.

तेव्हा इंजिन विकत घेताना किंमत विचारायच्या आधी विकणाऱ्याकडून एक फोटो मागा. फ्लायव्हील काढलेला, शाफ्ट आडवा दिसणारा, शेजारी पट्टी ठेवलेला. तो फोटो पाठवायला जो कुरकुरतो त्याच्याकडून मी इंजिन घेत नाही.

फोटो आला. आता त्यात बघू काय?

नाक बघा. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला मी नाक म्हणतो. ढोबळमानाने नाकं दोन प्रकारची.

पहिलं एसजी शाफ्ट. इंजिनाच्या बेअरिंगपासून पुढे येताना आधी गुळगुळीत भाग, मग थोडेसे आटे आणि त्यापुढे पुन्हा बारीक, चकचकीत पिन. ही पिन ५ मि.मी. जाडीची असते आणि तिच्या टोकात एम ३ चे (३ मि.मी. स्क्रूचे) आतले आटे पाडलेले असतात. क्लचबेलची बेअरिंगं थेट या पिनेवर फिरतात आणि टोकाच्या भोकात वॉशर घालून स्क्रू लावला की बेल बाहेर निसटत नाही. १/८ बगीत आज बहुतेक सगळीकडे हेच.

दुसरं लांब आट्यांचं नाक. यावर शेवटपर्यंत आटेच आटे, पिन नाही, टोकाला भोक नाही. मग पिन येते कुठून? नटातून. याचा क्लच नट वेगळा मिळतो: मागे षटकोनी डोकं, पुढे ५ मि.मी.ची पिन, टोकात एम ३ चं भोक. हा पायलट नट आट्यांवर चढला की तो फ्लायव्हीलही आवळतो आणि बेलला पिनही पुरवतो.

एसजीचा नट लांब आट्यांच्या शाफ्टवर फिरवला तर तो फिरतो, कारण आटे बहुधा एकच असतात. फ्लायव्हील छान आवळलंही जातं. फक्त बेल कशावर बसवायची हा प्रश्न उरतो. उलट केलं, म्हणजे एसजी शाफ्टवर पायलट नट चढवला, तर नटाच्या आत पिन अडते आणि नट दोन-तीन आट्यांवरच थांबतो.

हे मला कसं ठाऊक? मी ते केलंय. नट तीन आट्यांवर बसला होता, हाताला घट्ट लागत होता, आणि मला वाटलं तेवढं पुरे. पहिल्या टाकीतच, सरळ रस्त्यावर, गाडीतून करकर असा आवाज आला आणि इंजिन नुसतंच किंचाळायला लागलं. फ्लायव्हील सुटून चॅसीच्या खाचेत घासत होतं. शाफ्टचे पहिले तीन आटे चेहरामोहरा नसलेले, चांदीसारखे गुळगुळीत झाले होते. इंजिन जेमतेम महिनाभर जुनं होतं.

आटे कोणते आहेत हे घरी कसं ओळखू?

बहुतेक गाड्यांच्या इंजिनांवर पाव इंच जाड, इंचाला २८ आट्यांचा यूएनएफ असतो. इंजिन जपानी असो वा इटालियन, देश मेट्रिक आणि आटा इंचाचा, अशी ही गंमत आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत दोन सूत, बारीक आटा.

व्हर्निअर लावा. आट्यांची बाहेरची जाडी ६.३५ मि.मी.च्या जरा खाली, ६.२ ते ६.३ च्या आसपास भरली तर यूएनएफ समजा. खात्रीसाठी आट्यांची टोकं मोजा: एका टोकापासून पुढच्या दहाव्या टोकापर्यंत ९ मि.मी.हून किंचित जास्त आलं तर २८ आटे, बरोबर १० आलं तर १ मि.मी. पिचचा मेट्रिक आटा. एवढी लांबी नसेल तर पाच आटे मोजा, हिशेब निम्मा.

नट दोन फेऱ्यांनंतर जड जायला लागला की थांबा. "थोडं तेल घालून फिरव, जाईल" हा सल्ला देणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. जाईल खरं, पण आटे घेऊन जाईल.

लांब शाफ्ट फार पुढे येतोय, स्पर गिअरला (बेल ज्याला फिरवते त्या मोठ्या दातेरी चाकाला) टेकतोय. कापू का?

कापता येतो. लांब आट्यांचे शाफ्ट वेगवेगळ्या गाड्यांत बसावेत म्हणून मुद्दाम लांब ठेवलेले असतात. पण कापण्याआधी अख्खा क्लच चढवून बघा, खूण करा, काढा, आणि पुन्हा एकदा चढवून बघा. तोडलेला शाफ्ट वाढत नाही.

हॅकसॉ विसरा. शाफ्ट टणक केलेला असतो, पातं घसरत राहतं आणि हात दुखतो. रोटरी टूलवर कटिंग डिस्क लावा. आधी एक साधा नट खुणेच्या मागपर्यंत फिरवून ठेवा. कापून झाल्यावर तो उलटा बाहेर काढला की तोंडाशी चेपलेले आटे आपोआप सरळ होतात. एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर आणि ग्लो प्लगचं भोक बोळे घालून बंद करा, पुढच्या बेअरिंगभोवती चिकटपट्टी गुंडाळा. डिस्कची भुकटी म्हणजे सॅंडपेपरच, ती आत गेली तर स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) संपलीच. अर्ध्या मिनिटाने थांबत, ओल्या कापडाने शाफ्ट गार करत कापा. पुढच्या बेअरिंगजवळ बोट लावून गरम लागत असेल तर घाई होतेय.

क्रँकशाफ्ट बाहेर काढून कापणं सगळ्यात चांगलं, पण ज्याला इंजिन पूर्ण खोलून परत जुळवता येतं त्यालाच ते सांगण्यात अर्थ आहे.

कोलेट जुना वापरला तर?

मापाचा असेल तर बिनधास्त. नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी चालणार नाही, म्हणून यावर जरा थांबतो.

कोलेट म्हणजे पितळेची किंवा ॲल्युमिनियमची निमुळती, एका बाजूने चिरलेली अंगठी. फ्लायव्हीलच्या भोकालाही तसाच उतार असतो. नट आवळला की फ्लायव्हील मागे सरकतं, कोलेटची चीर मिटते आणि ती शाफ्टला आवळून धरते. चावी नाही, खाच नाही. फ्लायव्हील शाफ्टवर टिकतं ते या एका चिमट्यावर. म्हणून तीन मापं जुळायला हवीत: कोलेटचं भोक शाफ्टच्या गुळगुळीत भागाशी, कोलेटचा उतार फ्लायव्हीलशी आणि कोलेटची लांबी आटे जिथे सुरू होतात त्या जागेशी.

भोक मोठं असेल तर कोलेट मिटून मिटून चीर संपते आणि पकड येतच नाही. भोक लहान असेल तर ते शाफ्टवर जातच नाही. निदान प्रामाणिक तरी आहे. लांबी कमी असली तर मात्र फसवणूक होते. फ्लायव्हील जास्त मागे जातं, नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो, पान्याला कडक लागतं, तुम्ही समाधानाने पाना खाली ठेवता, आणि फ्लायव्हील मात्र हाताने फिरतंय. नट आवळून झाल्यावर फ्लायव्हीलच्या पुढच्या तोंडाच्या मागे अजून एखादा तरी आटा झाकलेला असला पाहिजे.

बसवण्याआधी शाफ्ट, कोलेट आणि फ्लायव्हीलचं भोक थिनरने पुसून कोरडं करा. तेलाचा एक थेंबही नको. आणि कोलेटवर थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) लावू नका. तो ग्लूसारखा धरेल असं वाटतं, पण आवळताना तोच वंगणाचं काम करतो.

फ्लायव्हीलची मागची बाजू क्रँककेसला घासत असेल तर कोलेटच्या मागे, बेअरिंगच्या बाजूला, शिम म्हणजे पातळ चकती घाला. कागद आरपार गेला की पुरेशी फट आहे.

फ्लायव्हील, शू, बेल: यातलं काय नवं घ्यायचं आणि काय जुनं चालेल?

माझा नियम असा. फ्लायव्हील, त्याच्या पिना, शू आणि स्प्रिंगा हे एक कुटुंब आहे, त्यांना वेगळं करू नका. एका कंपनीच्या फ्लायव्हीलवर दुसऱ्याचे शू घालायला गेलात तर पिनांचं अंतर अर्ध्या मि.मी.ने चुकतं, शू पिनेवर जातो पण अडखळत उघडतो, आणि तीनपैकी एक शू आधी झिजतो.

क्लचबेलची गोष्ट सासुरवाशिणीसारखी आहे. माहेर इंजिनाकडे, सासर गाडीकडे, आणि तिला दोन्हीकडे जमवून घ्यावं लागतं. तिचे दात गाडीच्या स्परशी जुळायला हवेत. तिचं पोट शूंना पुरायला हवं. तिची बेअरिंगं शाफ्टच्या पिनेवर बसायला हवीत. गाडी तीच ठेवून इंजिन बदलताना दातांचा प्रश्न येत नाही, म्हणून लोक जुनी बेल निर्धास्त चढवतात आणि पोट मोजायचं राहून जातं.

शू मिटलेले असताना बेल वरून घालून हाताने फिरवा. कुठेही न टेकता फिरली पाहिजे. टेकत असेल तर गाडी आयडलवरच पुढे सरकेल. उलट बेलच्या आत शू फारच सैल असतील तर ते जास्त उघडावे लागतात, स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि एक दिवस स्प्रिंगचा तुकडा स्परच्या दातांत सापडतो.

खोलीही बघा. शूची पूर्ण रुंदी बेलच्या भिंतीखाली यायला हवी. अर्धा शू बाहेर राहिला तर बेलमध्ये खळगा पडतो आणि पुढे नवा शू घातला तरी तो त्याच खळग्यात अडकतो.

स्परचे दात जुळतात हे कसं बघायचं?

दाताचा आकार मॉड या मेट्रिक मापात किंवा पिच या इंचाच्या मापात सांगतात. १/८ गाड्यांत बहुतेक मॉड १ असतो. लहान गाड्यांत खिचडी आहे: मॉड ०.६, मॉड ०.८, ३२ पिच, ४८ पिच. ३२ पिच म्हणजे हिशेबाने मॉड ०.७९ येतो, म्हणून तो ०.८ शी बऱ्यापैकी जमतो. ४८ पिच येतो ०.५३, तो ०.६ शी जमत नाही. जमल्यासारखा फिरतो खरा, पण प्लास्टिकचा स्पर दोन टाक्यांत दाढी केल्यासारखा होतो.

बेल आणि स्पर एका रेषेत येत नाहीत. बेल शिम घालून पुढे घेऊ?

इथे बहुतेक जण चुकतात. बेल एकटी पुढे घेतली तर ती शूंवरून सरकते. सरकवायचं असेल तर फ्लायव्हीलपासून पुढचं सगळं एकत्र सरकायला हवं, म्हणजे शिम कोलेटच्या मागे. अर्धा-एक मि.मी. एवढंच या मार्गाने मिळतं. त्याहून जास्त फरक असेल तर माउंट बघा. कधी कधी माउंट उलटसुलट लागलेलं असतं आणि आपण तासभर शिमांशी खेळत बसतो.

नवी बेअरिंगं घातली तरी क्लचबेलची बेअरिंगं दर चार टाक्यांनी जातात. स्वस्त आहेत म्हणून का?

स्वस्त असतील, पण बहुतेक वेळा त्यांना आवळून मारलेलं असतं.

१/८ बगी आणि बऱ्याच चिनी १/१० गाड्यांच्या बेलमध्ये ५×१०×४ ची दोन बेअरिंगं असतात, ट्रॅक्ससच्या टी-मॅक्ससारख्या गाड्यांत ५×११×४. इथेच पहिली गोची: इंजिनासोबत बेलही दुसऱ्या गाडीची आली की घरातली जुनी बेअरिंगं एक मि.मी.ने चुकतात. सैल बसतात, बेलमध्येच फिरतात, आणि लोक त्यावर थ्रेडलॉक ओततात.

दुसरी गोची पिनेच्या लांबीची, आणि इंजिन बदलल्यावर हीच निघते. टोकाच्या एम ३ स्क्रूखालचा वॉशर पिनेच्या तोंडावर टेकायला हवा, बेअरिंगवर नाही. नव्या शाफ्टची पिन जुन्यापेक्षा अर्धा मि.मी. आखूड असली, तर स्क्रू आवळताना वॉशर बेअरिंगलाच दाबतो. दोन्ही बेअरिंगं एकमेकांकडे रेटली जातात, बेल हाताला जड लागते, चालू इंजिनावर तापते, आणि मग जळक्या ग्रीसचा वास. अशा वेळी शिम काढा, आणखी आवळू नका. पिन लांब असली तर उलट, ५×७ च्या ०.१ आणि ०.२ मि.मी.च्या शिमा घालत जा.

स्क्रू पूर्ण आवळल्यावर बेलला पुढे-मागे ०.२ ते ०.५ मि.मी. खेळ असावा. मोजायला साधन नसेल तर बेल दोन बोटांत धरून हलवा: हलकंसं टिक ऐकू आलं पाहिजे, खटखट नाही.

स्क्रूची लांबीही तपासा. भोकाच्या तळाला लागणारा लांब स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, पण वॉशर सैलच राहतो आणि बेल पहिल्याच उडीत बाहेर येते.

स्प्रिंगा आणि शू बदलायला हवेत का?

तेच राहिले तरी गाडी चालेल, पण नव्या इंजिनाचा स्वभाव वेगळा असेल तर चाल बिघडते. तीन शूंच्या क्लचला ०.९, १.० आणि १.१ मि.मी. तारेच्या स्प्रिंगा मिळतात. जाड तार म्हणजे क्लच उशिरा, जास्त आरपीएमला धरणार. जे इंजिन वरच्या आरपीएमलाच जागं होतं त्याला ०.९ ची स्प्रिंग घातली तर सुरुवातीला ते गुदमरतं आणि वळणातून निघताना बंद पडतं. खालूनच ओढणाऱ्या इंजिनाला जाड स्प्रिंग घातली तर क्लच घसरत राहतो, बेल निळी पडते.

शू ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन मिश्रणाचे. ॲल्युमिनियम झटक्यात धरतं आणि बेल खातं. कार्बन मऊ धरतो आणि स्वतः झिजतो. शूची दिशाही खेळते. फिरण्याच्या दिशेने शूचं मोकळं टोक पुढे आणि पिन मागे असेल तर तो चावून धरतो. उलट घातला तर अलगद धरतो. फ्लायव्हीलकडून बघितलं तर इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, त्यावरून दिशा लावा. तीनही शू एकाच दिशेने, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मी नवीन इंजिनावर आधी कार्बन शू आणि १.० च्या स्प्रिंगा घालतो आणि ब्रेक-इन (नवं इंजिन हळूहळू रुळवणं) संपेपर्यंत त्यांना हात लावत नाही.

इंजिन जास्त ताकदीचं आहे. बेलचे दात वाढवू का?

एकने वाढवून बघा. ४६ च्या स्परला १३ ची बेल म्हणजे ३.५४ चं गुणोत्तर; १४ ची घातली की ३.२९, म्हणजे सुमारे ८ टक्के उंच गिअर. आकडा लहान दिसतो, पण क्लचच्या तापमानावर फरक लगेच कळतो. इंजिन बदलल्यावर दात आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर बिघडलं कशामुळे ते कळत नाही. आणि बेलचा आकार वाढला की स्परशी असलेली फट पुन्हा लावावी लागते: दोघांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिन टेकवा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. पट्टीवर दातांचे वळ उमटावेत, ती फाटू नये.

१/१० च्या ०.१८ गाडीत ०.२१ बिग ब्लॉक घालायचंय.

घालू नका. माउंट बनवावं लागेल, कान जास्त रुंद आहेत, क्रँकची उंची बदलते, फ्लायव्हील चॅसीच्या खाचेत मावत नाही, एक्झॉस्टचा पाइप बॉडीतून बाहेर येतो. हे सगळं लेथवाल्याकडे बसून जमवलंत तरी पहिल्या जोरात डिफरन्शियलचे दात जाणार. तेवढ्या खर्चात जुनी १/८ बगी येते.

०.२१ च्या गाडीत ०.२८ हे वेगळं. तिथे बाहेरची मापं बहुधा बिग ब्लॉकचीच राहतात. एचपीआय कंपनीची सॅव्हेज गाडी बघा: त्याच घराण्यात ०.२१, ०.२५, ४.६ सीसी आणि ५.९ सीसी अशी इंजिनं आली. तरीही शाफ्टचं नाक मोजायचंच.

पुलस्टार्टचं (दोरी ओढून सुरू होणारं) इंजिन काढून बिनदोरीचं घातलं. त्याचा क्लचशी काय संबंध?

फ्लायव्हीलशी आहे. स्टार्टर बॉक्सचं (गाडी वर ठेवून इंजिन सुरू करायच्या पेटीचं) रबरी चाक चॅसीच्या खालच्या खाचेतून फ्लायव्हीलला लागतं. १/८ बगीचं फ्लायव्हील साधारण ३४ मि.मी.चं असतं. पुलस्टार्टच्या गाडीत लहान फ्लायव्हील असेल, किंवा चॅसीला खाचच नसेल, तर चाक पोचत नाही आणि नुसतं घरंगळत राहतं. उलट प्रवास, म्हणजे बिनदोरीच्या इंजिनाला मागे पुलस्टार्ट लावणं, तेव्हाच जमतं जेव्हा क्रँकपिन मागून पुरेशी लांब असते. झाकण बदललं की झालं असं नाही.

सेंटॅक्स क्लचला हेच नियम?

नाही. सर्पेंट कंपनीने आणलेला तो प्रकार, १/८ ऑन-रोडमध्ये दिसतो, त्यात शू बाहेर न उघडता पुढच्या दिशेने दाबतात आणि थ्रस्ट बेअरिंग असतं. त्याचं शिमिंग त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच करा.

दोन गिअरची ऑन-रोड गाडी आहे.

बेलला दातांच्या दोन रांगा असतात, तेव्हा रेषा दोन्ही स्परांशी जुळायला हवी. बाकी तेच.

जुन्या इंजिनावरून फ्लायव्हील निघतच नाही.

आधी नट. तो सरळ आट्यांचा, नेहमीसारखाच उलट फिरवून निघतो. फ्लायव्हील धरायला चिमटापक्कड आणि खाली जुन्या पट्ट्याचं चामडं. एक्झॉस्टच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवणारे खूप आहेत. पिस्टनच्या कडेचा टवका उडतो आणि तो पुढच्या स्टार्टला स्लीव्हवर रेघ ओढतो. इंजिन भंगारात द्यायचं असेल तरच तो मार्ग.

नट निघाल्यावर फ्लायव्हील कोलेटवर चिकटलेलं असतं. पुलर लावा. पुलर नसेल तर हेअर ड्रायरने फ्लायव्हील गरम करून मागून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलकं उचका. शाफ्टच्या तोंडावर हातोडी मारलीत तर क्रँक मागे जाऊन झाकणावर आदळतो.

पार्ट मागवायला महिना लागतो. इथे काय मिळतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच. बेअरिंगवाल्याला "आरसी कारची बेअरिंग" सांगू नका, नंबर सांगा. ५×१०×४ म्हणजे एमआर १०५, ५×११×४ म्हणजे एमआर ११५. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात भोसरीच्या आसपासच्या बेअरिंगच्या दुकानांत विचारा. पाव इंच २८ चा टॅप आणि डायही हार्डवेअर बाजारात सापडतात. इंजिनाचं पुढचं बेअरिंग ७×१९×६, म्हणजे ६०७. पण दुकानातलं साधं ६०७ इंजिनात घालू नका, ३० हजारांच्या वर फिरणाऱ्या शाफ्टसाठी ते नसतं.

कोलेट चांगला लेथवाला पितळेत काढून देतो. त्याला मापं सांगण्यापेक्षा फ्लायव्हील आणि शाफ्ट दोन्ही हातात द्या. उतार तो स्वतःच जुळवतो. पायलट नट मात्र बनवून घेऊ नका. पिन टणक लागते, मऊ पिनेवर बेअरिंग आठवड्यात खाच पाडतं.

सगळं जुळवलं. पहिल्यांदा सुरू करताना काय बघू?

गाडी डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. ग्लो प्लग काढून फ्लायव्हील बोटाने फिरवा: बेल सोबत फिरायला नको, फिरलीच तर बोटाने थांबवली की थांबायला हवी. मग प्लग लावून सुरू करा. आयडलवर चाकं हळूहळू फिरत असतील तर आधी आयडल कमी करून बघा. तरी फिरत असतील तर बेल काढा, शू कुठे टेकतोय ते त्यावरच्या चकचकीत डागावरून कळेल.

अर्धी टाकी हळू चालवा, बंद करा, आणि पाच मिनिटांनी बेलजवळ हात न्या. गरम असणारच, पण बोट सेकंदभर टिकायला हवं. मग एम ३ चा स्क्रू आणि माउंटचे चारही स्क्रू पुन्हा आवळा. माझे दर वेळी किमान एक तरी पाव फेरी ढिला निघतो, बहुतेक वेळा उजवीकडचा मागचा, जिथे ॲलन की सरळ पोचत नाही.